राखेचं शेवटचं पाणी

कारखान्यात लागलो त्याच्या पहिल्याच आठवड्यात एका माणसानं मला जीभ बाहेर काढायला सांगितली होती. मी काढली नाही. पुढे जे झालं ते एवढ्यातूनच झालं असं आता वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी भंडाऱ्यातल्या विणकर घरातला. वडील आयुष्यभर हातमागावर बसले. घरातला पहिला पदवीधर मी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, वर्षभर नोकरीसाठी उंबरे झिजवले आणि शेवटी गावाबाहेर, साकोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा फाउंड्रीत केमिस्ट म्हणून चिकटलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. फाउंड्री म्हणजे एक पत्र्याची शेड, मागे तेलाची टाकी आणि पुढे भंगाराचा ढीग. राईस मिलांना लागणारी गनमेटलची बुशं, म्हणजे यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची कडी, तिथं ओतली जात. माझी प्रयोगशाळा म्हणजे खिडकीपाशी एक टेबल, एक तराजू आणि काचेच्या काही बाटल्या.

भट्टीच्या पोटात एक मूस बसवलेली असे. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. नुसत्या मातीचं भांडं तडकतं, नुसतं ग्रॅफाइट आचेवर जळून जातं. दोन्ही एकत्र मळून भाजलं की भांडं टिकतं. अशा मुशी दक्षिणेकडून रेल्वेनं, गवतात गुंडाळून येत. पण त्यांना चोच नसे. चोचीची मूस मागवली तर किती महिन्यांनी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून आमच्याकडे जुन्या फुटक्या मुशीच्या तुकड्यातून चोच कापत आणि नव्या मुशीच्या काठाला जोडत. भट्टी कलती केली की वितळलेला धातू याच चोचीवरून वाहायचा. हजाराच्या वर अंशांची धग, वरून धातूचं वजन, आणि मध्ये तो एक सांधा.

हा सांधा करणारा माणूस एकच होता. सानगडीच्या पुढच्या एका खेड्यातला, घरी थोडी धानाची शेती, वय पंचावन्नच्या आसपास. शाळा पाहिलेली नव्हती. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. कारखान्याचे मालक शेठही म्हणायचे.

काकाजींची रीत अशी. आधी चोचीचं आणि मुशीचं तोंड वाळू-पाणी घालून एकमेकांवर घासायचं. दोन-दोन दिवस घासायचं. शेवटी दोन्ही तोंडं एकमेकांवर ठेवली की मधून उजेड दिसता कामा नये. मग लेप. जुनी मूस कुटून, कापडातून चाळून केलेली भुकटी, पांढरी माती, धानाच्या तुसाची राख, आणि हे सगळं ओलं असताना धरून राहावं म्हणून तांदळाची पेज. लेपाचा थर इतका पातळ की तो आहे हे बोटालाच कळावं. मग कापडाच्या पट्टीनं बांधून सावलीत आठवडाभर वाळवण. मग तुसाच्या मंद आचेवर दोन दिवस. मग भट्टी.

यातली राख मिलच्या बॉयलरमधून येई. तिच्यातला वाळूचा अंश, सिलिका, आम्हाला हवा असे, पण तिच्यात खारही असतो. तो खार तसाच राहिला तर मोठ्या आचेवर लेप काचेसारखा वितळतो. मला हे पुस्तकातून माहीत होतं. काकाजींना जिभेवरून माहीत होतं. ते राख ड्रमात टाकत, उकळतं पाणी ओतत, ढवळत, निवळू देत, वरचं पाणी फेकत. पुन्हा पाणी. दर वेळी फेकण्याआधी एक बोट पाण्यात बुडवून जिभेला लावत.

"कितवं पाणी झालं?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"मोजत नाही जी. जीभ गप बसली का झालं. जिभेनं काही म्हटलं तं आखरी एक पाणी." त्यांनी बोट माझ्यापुढे केलं. "घ्या, काढा जीभ. तुमी शिकलेले, तुमाले लवकर समजंन."

शेडमधले साचे करणारे मोल्डर आणि भट्टीवाले बघत होते. एक मोल्डर म्हणाला, "काढा बाबू, पंधरा वर्सं शिकून राखच चाटाची होती."

दुसरा म्हणाला, "मीठ कमी असंन तं सांगजा, घरून आणतो."

सगळे हसले. काकाजीही हसले. मी हसलो नाही. टेबलाकडे जाऊन लिटमसचा कागद आणला, पाण्यात बुडवला आणि रंग सगळ्यांना दाखवला. काकाजींनी कागद पाहिला, पाणी चाखलं आणि म्हणाले, "बराबर हाये तुमचा कागद." त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. तेव्हापासून ते प्रत्येक पाणी माझ्या कागदाला दाखवायचे, आणि वरून जीभही लावायचे. आम्ही दोघं दोन वर्षं असं काम केलं. एकही सांधा सुटला नाही.

ते मला बाबू म्हणायचे. डब्यातून कधी लाखोळीच्या डाळीचे वडे आणायचे. माझ्या लग्नाला बायकोला घेऊन आले होते आणि मंडपात माझ्या वडिलांना म्हणाले होते, "तुमचा पोरगा आमचा डोळा हाये जी कारखान्यात." वडिलांनी ते शेवटपर्यंत लक्षात ठेवलं.

दोन वर्षांनंतरच्या दिवाळीच्या सुमारास जुनी मूस झिजली. नवा धान निघायची वेळ, गिरण्या सुरू व्हायच्या होत्या आणि प्रत्येकाला बुश आत्ता हवं होतं. काकाजींनी नव्या मुशीची आणि चोचीची तोंडं घासून ठेवली. तेवढ्यात त्यांच्या गावची मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. बाजार, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ, पाहुणे. लेकी माहेरी येतात. काकाजी वर्षभर सुट्टी घेत नसत, पण मंडईचे चार दिवस त्यांना कोणी विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता.

जाताना त्यांनी मला ड्रमापाशी बोलावलं. "बाबू, तोंडं घासून ठेवली. राख तेवढी धुऊन ठेवजा. मी आलो का लेप लावतो."

"लिटमस संपलाय, काकाजी. मागवलाय, अजून आला नाही."

"मंग जीभ हाये ना तुमची." ते हसत हसत बसच्या दिशेनं गेले.

पहिल्या दिवशी मी दोन पाणी दिली. उकळतं पाणी बादलीनं ओतायचं, लाकडी फळीनं ढवळायचं, आणि मग तासभर वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. हात फुटले होते. वरचं पाणी आता स्वच्छ दिसत होतं. मी बोट बुडवलं. खिडकीपाशी तोच मोल्डर उभा होता. म्हणाला, "आज बाबू चाटते वाटते."

मी बोट पँटला पुसलं.

एवढंच. कितीही वेळा आठवलं तरी त्यात याहून जास्त काही नाही. कोणी मला धमकावलं नव्हतं, घाई केली नव्हती. शेठही त्या दिवशी शेडमध्ये नव्हते. एक शिकलेला माणूस एका अडाणी माणसासारखा राख चाटताना दिसेल, एवढ्याची मला लाज वाटली. मी मनाशी म्हटलं, चार पाण्यांत काय तो खार गेलाच असेल. उरला असेल तो किती. राख उपसून पत्र्यावर वाळत घातली.

काकाजी चौथ्या दिवशी आले. मंडईचा चिवडा घेऊन आले होते. वाळलेली राख त्यांनी चिमटीत घेतली, चोळली. वाळल्यावर हातानं काही कळत नाही. त्यांनी विचारलं, "किती पाणी देल्ले?"

"सात," मी म्हणालो.

"जीभ लावून पाह्यली?"

"हाव, पाह्यली."

"गप होती?"

"गप होती."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि लेप मळायला बसले. त्यांनी ती राख पुन्हा पाण्यात टाकून पाहिली नाही. दोन वर्षांत माझा कागद कधी खोटा ठरला नव्हता, मग माझी जीभ तरी कशाला ठरेल.

सांधा सुरेख झाला. मी आजपर्यंत तसा सांधा पाहिला नाही. पट्टी सोडल्यावर चोच कुठे संपते आणि मूस कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. काकाजींनी नखानं टिचकी मारली तर आवाज एकसारखा आला. पहिल्या दिवशीचं ओतकाम नीट झालं. दुसऱ्या दिवशीचंही झालं. मी निवांत झालो होतो. तिसऱ्या दिवशी भट्टी कलती केली आणि अर्धा धातू साच्यात गेल्यावर चोच सुटली. सुटली म्हणजे तुटली नाही. ओल्या साबणावरून घसरावी तशी सरकली आणि खाली पडली. मागचा धातू काठावरून फुटून खड्ड्यात, जमिनीवर, भट्टीच्या चाकावर गेला. जमीन ओलसर होती. चरचरत ठिणग्या उडाल्या. माणसं बाजूला पळाली म्हणून वाचली. काकाजी चोचीजवळच होते; त्यांच्या डाव्या पावलावर दोन थेंब पडले. ते तसेच उभे राहून चोचीकडे बघत होते.

संध्याकाळी सगळं निवल्यावर मी चोच उचलली. सांध्याच्या तोंडावर हिरवट काळी चकाकी होती. एका ठिकाणी थेंब ओघळून थिजला होता. काच. मला दुसरा काही पुरावा लागत नव्हता. मी सांध्याजवळचा तेवढा तुकडा फोडला आणि कागदात गुंडाळून टेबलाच्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची बुशं अडली होती आणि भट्टीची चाकं जाम झाली होती. म्हणाले, "देखो बाबू, मला कोणाले फाशी नाही द्यायची. पण असं काहून झालं ते एका कागदावर लिहून पाहिजे. पुढं नाही होणार, एवढंच."

मी कागद घेतला. टेबलाशी बसलो. मला आठवतं, पेनातली शाई वाळली होती, मी ते दोनदा झटकलं. मग लिहिलं की सांध्यातील लेपाची जाडी प्रमाणापेक्षा अधिक असावी, त्यामुळे सांधा उष्णतेत टिकला नाही. कोणाचं नाव लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. सांधा एकच माणूस करत होता.

दुपारी काकाजी टेबलापाशी आले. पायाला फडकं बांधलेलं. "काय लिवलं बाबू? वाचून दाखवा."

मला वाटलं होतं ते विचारणार नाहीत. मी वाचून दाखवलं. जसं लिहिलं होतं तसं. आवाज कापला नाही, हे सांगायला मला लाज वाटते.

 त्यांनी उजव्या हाताची बोटं डोळ्यांपुढे धरली आणि अंगठ्यानं एकेक बोट चाचपलं. "जाड झाला असंन," ते म्हणाले. "मले तं पातळच वाटला. पण आता बोटाले समजत नसंन. वय झालं का चामडं जाड होते."

"तसं नाही काकाजी, कधी कधी…"

"नाही, तुमी लिवलं ते बराबर असंन. तुमी कायले खोटं लिवसान."

त्या वेळी सांगता आलं असतं. माझ्यासमोर तो माणूस उभा होता, टेबलाच्या कप्प्यात तो तुकडा होता, आणि कप्पा उघडायला एक हात पुरला असता. मी म्हणालो, "पायाला हळद लावा."

शेठनी त्यांना काढलं नाही. उलट म्हणाले, पुढच्या सांध्याच्या वेळी केमिस्टनं वर उभं राहून बघावं. पण पुढच्या सांध्याला काकाजींनी लेप लावला आणि पुसून टाकला. पुन्हा लावला, पुन्हा पुसला. दिवसभर तेच. शेवटी घमेलं बाजूला ठेवून म्हणाले, "बाबू, माहे हात मले खरं सांगून नाही राहिले." महिन्याभरानं ते गावी निघून गेले. पुढे तयार लेप डब्यातून यायला लागला, आणि चोचीची मूसही मिळू लागली. आमच्याकडची ती रीत तिथंच संपली.

मी आणखी पाच-सहा वर्षं तिथं काढली. नंतर हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. ती मी आनंदानं स्वीकारली असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्या शेडच्या खिडकीपाशी बसणं मला जड जात होतं. तो तुकडा मी घरी आणला. बायकोनं एकदा विचारलं, हे काय आहे, फेकू का. मी म्हणालो, शाळेत दाखवायला लागतो. शाळेत मी तो कधीच नेला नाही. आठवीच्या वर्गाला अल्कली, म्हणजे खार, शिकवताना पुस्तकात येतं, हाताला बुळबुळीत लागते. दर वर्षी त्या वाक्यापाशी मी थोडा थांबायचो. मुलं वह्यांतून वर बघायची आणि मग मी पुढचं वाक्य वाचायचो.

आठवडी बाजारात एकदा काकाजींच्या गावचा एक माणूस भेटला. मी चौकशी केली. तो म्हणाला, "बरे हायेत. शेतीत जातेत. पण बायकोनं चूल लिपून मागतली तं तेबी नाही लिपत. म्हणतेत, माह्या हातचा सांधा सुटते. लोहारानं दोनदा बोलावलं, त्यालेबी नाही म्हटलं. मातीले हातच नाही लावत जी."

मला तोपर्यंत वाटत होतं की मी एका माणसाची नोकरी घालवली. नोकरी त्यांची त्यांनी सोडली होती, शेती होती, पोट भरत होतं, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. त्या दिवशी कळलं की नोकरी गेली नव्हती, हात गेले होते.

त्या वर्षी मंडईच्या दिवशी मी साकोलीला उतरलो आणि सानगडीची बस धरली. तिथून पुढे चालत. काकाजी ओसरीवर बसले होते, केस पांढरे झाले होते. मला पाहून उठले. काकूंना हाक मारली, "अवं, बाबू आले. डोळा आला आपला."

चहा झाला. मी चहाआधीच सांगायचं ठरवलं होतं, पण चहा झाल्यावर सांगितलं. राख चार पाण्यांचीच होती. जीभ लावली नव्हती. तुम्हाला खोटं सांगितलं. कागदावर खोटं लिहिलं. तुमचा सांधा चांगला होता.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग ते हसले. मला अपेक्षित नव्हतं असं, मायेनं हसले.

"बाबू," ते म्हणाले, "कोणी सांगतलं तुमाले का मी मातीले हात नाही लावत?"

"ते कोणीही सांगितलं असो. मी खरं बोलून राहिलो."

"हाव, हाव. एवढ्या दूरून आले तुमी. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाले बरं वाटावं म्हणून आपल्या नावावर घेऊन राहिले. चांगली गोष्ट हाये. पण असं खोटं नाही बोलाव जी. तुमचा सोभाव नाही तो."

मी पुन्हा सांगितलं. मी शपथ घ्यायला लागलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून खाली केला आणि विचारलं, मंडईत चिवडा घेतला का.

मी तेव्हा खोटं बोललो होतो ते त्यांनी खरं मानलं, आणि आता खरं बोलत होतो तर ते खोटं मानत होते. त्यांच्यावर राग येण्याचा मला हक्क नव्हता. जो माणूस आपला डोळा आहे असं त्यांनी चार माणसांत सांगितलं होतं, तो तसा निघाला हे मान्य करण्यापेक्षा आपले हात बिघडले हे मानणं त्यांना सोपं गेलं असावं. मला तरी तसंच वाटतं.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. त्या संपूर्ण वेळ आत होत्या, पण ऐकत होत्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी खरं बोलले. मले समजलं."

मी फाटकाची कडी धरून उभा राहिलो.

"मले राग आला तुमचा. खोटं कायले बोलू. आठ वर्सं झाले, भिताडाची भोकं मीच बुजवतो." त्यांनी ओसरीकडे पाहिलं. "पण त्यायले नाही समजलं. पुढच्या सालीबी येजा. पुन्हा सांगजा."

पुढच्या वर्षी गेलो. या वेळी तो तुकडा बरोबर नेला. काकाजींनी तो हातात घेतला, उन्हात धरला, काचेच्या ओघळावरून नख फिरवलं. बराच वेळ फिरवत होते. मग म्हणाले, "माहा सांधा हाये हा. वळखला मी." आणि मला परत दिला. मी म्हणालो, ठेवून घ्या. ते म्हणाले, ठेवा त्या कोनाड्यात. राखेबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी जे सांगायचं ते पुन्हा सांगितलं. त्यांनी धान कसा आहे ते सांगितलं.

तिसऱ्या वर्षी माझी तब्येत ठीक नव्हती. जाऊ की नको असं झालं होतं. दर वर्षी तेच सांगायला जाणं, तेच ऐकून येणं, याचा थकवा आला होता. पण काकूंना शब्द दिल्यासारखं होतं, म्हणून गेलो.

काकाजी ओसरीवर नव्हते. काकू म्हणाल्या, "लोहाराकडं गेले. सकायपासून." त्यांच्या तोंडावरून काही समजत नव्हतं. "जा तिकडं. बोडीच्या, तळ्याच्या वाटेवर हाये."

लोहाराच्या झोपडीबाहेर सात-आठ माणसं उभी होती. मंडईचा दिवस, माणसांना काम नव्हतं. भात्याची नळी, जिच्यातून वारा थेट निखाऱ्यात जातो ती, तडकून दोन तुकडे झाली होती. काकाजी जमिनीवर उकिडवे बसून ते दोन तुकडे पाणी आणि वाळू घालून एकमेकांवर घासत होते. शेजारी जुन्या मुशीची भुकटी होती. ती कुठून आली हे मी विचारलं नाही. नंतर काकाजींच्या घरी गेल्यावर बघितलं तर कोनाडा रिकामा होता.

काच मात्र त्यांनी भुकटीत जाऊ दिली नव्हती. छिन्नीनं काढलेला तो हिरवट काळा ओघळ बाजूला दगडावर पडला होता.

एका मडक्यात राख भिजत घातली होती. लोहाराची बायको गरम पाण्याचं भगुणं घेऊन उभी होती. काकाजींनी मान वर केली, मला पाहिलं. नमस्कार केला नाही, ये म्हटलं नाही. दोन्ही हात वाळूनं भरलेले होते, ते दाखवले.

"माहे हात गुंतले," ते म्हणाले. "बाबू, ते पाणी पाहा बरं."

मी मडक्यापाशी बसलो. वरचं पाणी निवळलं होतं, अगदी स्वच्छ दिसत होतं. मी बोट बुडवलं. मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी तरी म्हणालं, "मास्तर राख चाटते का रे?"

"चाटू दे," दुसरा म्हणाला, "मास्तरायले भंडाऱ्यात काही भेटत नसंन."

हसू झालं. मी बोट जिभेवर ठेवलं. थोडा वेळ काही वाटलं नाही. मग कडेला, जिभेच्या टोकापासून जरा आत, बुळबुळीत आणि किंचित खारट लागलं. मी पुन्हा बुडवून पुन्हा चाखलं. खात्री करून घेतली.

काकाजी घासायचे थांबले होते. माझ्याकडे बघत होते.

"अजून हाये," मी म्हणालो. "जीभ बोलून राहिली."

त्यांनी मान हलवली आणि लोहाराच्या बायकोला म्हणाले, "आखरी एक पाणी टाक बाई." मग तुकड्यांवर वाळू घेतली आणि पुन्हा घासायला लागले.